माळढोक बघायला जैसलमेरला

जैसलमेरला निघालेल्या माणसाला सगळे संध्याकाळच सुचवतात. समच्या वाळूच्या टेकड्या, उंटाची फेरी, मावळतीचा फोटो, मग तंबूत कालबेलिया नाच आणि गरमागरम दाल-बाटी. त्यात वाईट काही नाही. पण मला कुणी विचारलं तर मी ठासून सांगते, सकाळ घ्या. काळोखात निघणारी, सोबत तिथलाच जाणता वाटाड्या असलेली सकाळ. संध्याकाळी वाळूवर माणसांच्या आणि उंटांच्या पावलांखेरीज काही उरलेलं नसतं. पहाटे त्याच वाळूवर रात्रभर कोण कोण हिंडून गेलं ते वाचता येतं, आणि वाचून दाखवणारं कुणी बरोबर असलं तर तासाभरात माणूस वेगळं बघायला लागतो.

आम्ही गेलो ते मात्र वाळूसाठी नव्हे, एका पक्ष्यासाठी. सोलापूरच्या माणसाला माळढोक बघायला राजस्थान गाठावं लागावं, हे लिहितानाही जिवाला लागतं. शहरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं ते १९७९ साली. सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचा कागदावरचा पसारा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता. गावं, शेतं, रस्ते सगळं त्यात आलं होतं, लोकांना घराची डागडुजी करायची पंचाईत झाली होती, आणि मग २०१२ मध्ये तो सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणला गेला. आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. सगळ्या जगात मिळून रानात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक थरच्या वाळवंटात.

माझे मामा त्याच माळावर लहानाचे मोठे झाले. शेरडं-मेंढरं राखत. त्यांच्या बोलण्यात माळढोक कायम असायचा. "पावसाळ्यात नर घुमायचा बघ. हुम्म करून. पार बांधापल्याड ऐकू यायचं. आमाला वाटायचं, कुनीतरी विहिरीत घागर बुडवतंय." सत्तरी ओलांडल्यावर एकदा ते सहज म्हणाले, "परत एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं आस्तं तर बरं झालं आस्तं." त्यावर मी आणि मामेभावानं फार विचार केला नाही. पुण्याहून जोधपूरची गाडी, तिथून पुढे जैसलमेर. वाटेत मामांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

वाटाड्या चाळिशीतला होता, खुहडीकडचा. वाडवडील उंट आणि मेंढ्या पाळणारे. त्यानं पहाटे गाडी आणली तेव्हा बाहेर सात-आठ अंश थंडी असेल. सोलापूरकरांना ही थंडी म्हणजे शिक्षाच. मामांनी घोंगडं पांघरलं होतं. ते बघून वाटाड्या खूश झाला, हात लावून लोकर बघितली आणि म्हणाला, "ये तो अपनी भेड जैसी है सा." दोघांची तिथेच गट्टी जमली. पुढे दिवसभर एक मारवाडी हिंदीत बोलत होता आणि एक सोलापुरी मराठीत, आणि मेंढरांच्या बाबतीत दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं.

टेकड्यांच्या पायथ्याशी त्यानं गाडी थांबवली आणि चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली. टायर पसरट झाला की वाळूत रुतत नाही. उंटाचं पाऊल रुंद आणि गादीसारखं असतं तेही त्याचसाठी. मामेभावाला गाडी टेकड्यांवरून उडवत न्यायची हौस होती, जाहिरातीत असते तशी. वाटाड्यानं एका टेकडीवरून गाडी तिरकी चढवली, माथ्यावर क्षणभर पुढचं काहीच दिसेना, पोटात खड्डा पडला, आणि दुसऱ्या बाजूनं आम्ही वाळूसकट घसरत खाली आलो. भाऊ ओरडला, मामांनी विठ्ठलाचं नाव घेतलं. मग वाटाड्यानं चावी फिरवून गाडी बंद केली. पुढे चालत. गाडी जिथून जाते तिथलं गवत दोन-दोन पावसाळे उठत नाही, असं त्याचं म्हणणं. मला हे फार पटलं. वाळवंटातली सफर म्हणजे इंजिनाचा आवाज, असं ज्यांनी ठरवून टाकलंय त्यांनी एकदा त्या गाडीतून उतरून बघावं.

मामांनी आयुष्यात वाळू बघितली होती ती चंद्रभागेच्या वाळवंटात, आषाढीला. इथली वाळू त्यांनी मुठीत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. टेकडीची एक बाजू लांबट आणि सौम्य, दुसरी एकदम उभी. असं का, हे त्यांनीच विचारलं. वारा ज्या बाजूनं येतो तिकडून वाळूचे कण टप्प्याटप्प्यानं वर ढकलले जातात आणि माथ्यावरून पलीकडे सांडतात. सांडलेल्या बाजूचा चढ बत्तीस-चौतीस अंशांपर्यंत टिकतो, त्याहून उभा होऊ लागला की वाळू आपणहून घसरते. मामा लगेच म्हणाले, "म्हंजी खळ्यावरची जोंधळ्याची रास. वरनं वतत राहिलं तर ती उंच न्हाई हुत, रुंद हुती." मी इतकी पुस्तकं चाळून गेले होते, पण टेकडी मला कळली ती तेव्हा. ही अख्खी टेकडी अशी सांडत सांडत पुढे सरकत असते. थरमध्ये ते काम मुख्यतः उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले नैऋत्येचे वारे करतात. हिवाळ्यात वारा मंद असतो, म्हणून थंडीतल्या सकाळी वाळूवरचे ठसे इतके रेखीव मिळतात.

ठशांचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाटाड्या वाकला आणि बोट न टेकवता दाखवू लागला. ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी, मध्ये किंचित ओरखडा: काळा भुंगेरा. चार लहान ठसे एकत्र, मग रिकामी जागा, मग पुन्हा चार: वाळवंटी उंदीर उड्या मारत गेलाय. एका सरळ रेषेत एकामागे एक पंजे, जणू एकाच पायावर चालत गेल्यासारखे: कोल्हा. दोन्ही माग बरोबर चालत होते आणि एका फोगच्या झुडपाशी उंदराच्या उड्या संपल्या. तिथे वाळू विस्कटलेली होती, बाकी काही नाही. कोल्ह्याची रेषा पुढे तशीच सरळ गेली होती. आम्ही तिघंही काही न बोलता बघत उभे राहिलो.

मग एक माग असा आला की मला तो माग वाटलाच नाही. वाळूवर कुणी काठीनं तिरक्या, सुट्या रेघा ओढाव्यात, प्रत्येक रेघेच्या टोकाला हलकासा आकडा. वाटाड्या म्हणाला, "बांडी." आणि पाऊल मागे घेतलं. मामांनी माझ्या खांद्याला धरलं. "फुरसं हाय पोरी. आडवं चालतंय बघ ते." आमच्या माळावरचं फुरसं मामांनी शेकडो वेळा बघितलेलं, धोंड्याखाली वेटोळं करून बसलेलं. पण मुरमाड जमिनीवर त्याची चाल उमटत नाही. आयुष्यभर ज्याच्यापासून पाय जपला त्याची चाल त्यांना प्रथमच लिहून मिळाली होती. ते बराच वेळ त्या रेघांशेजारून चालत राहिले. वारा सुटेपर्यंत, म्हणजे दहाच्या सुमाराला, हे सगळं पुसलं जाणार होतं.

उंटावर बसणं झालं, ते सगळ्यांचं सारखंच असतं, त्याबद्दल काही लिहीत नाही.

समहून पुढे राष्ट्रीय मरू उद्यानाकडे गाडी वळली आणि मला पहिल्यांदा चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं थांबलं. कारण वाळूच्या टेकड्या मागे पडल्या होत्या. तीन हजार एकशे बासष्ट चौरस किलोमीटरचं हे उद्यान, पण त्यात टेकड्यांचा भाग थोडाच. बाकी सगळा खडकाळ पठाराचा, कंकर-गोट्यांचा आणि गवताचा सपाट मुलूख. सेवण गवताचे ठोंब, मधूनच केरचं काटेरी झुडूप, ज्याला आपण नेपती म्हणतो. खेजडी, म्हणजे आपली शमी. रुई तर जागोजागी. मामा गाडीच्या खिडकीतून बघत होते आणि एकदम म्हणाले, "ह्ये तर आपलंच रान की!" पखुर्ड्यांचा थवा कुजबुजत वरून गेला. धाविक नावाचा एक पक्षी गाडीपुढे तुरुतुरु पळाला, थांबला, ताठ उभा राहिला, पुन्हा पळाला. गवतावरून अगदी बुडाशी तरंगत भोवत्या, म्हणजे माळावरचा शिकारी पक्षी, गेला. कझाकस्तानच्या गवताळ मुलखातून हे भोवत्ये हिवाळ्यात येतात आणि पुढे उतरत आमच्या दख्खनच्या माळांपर्यंत पोचतात. नान्नजला डिसेंबरात संध्याकाळी जमिनीवर मुक्कामाला उतरताना मी त्यांना बघितलंय. त्यांच्या लेखी थर आणि सोलापूर हा एकच सलग मुलूख असणार.

पाऊस तेवढा वेगळा. जैसलमेरला वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर, सोलापूरला साडेपाचशेच्या घरात. आम्ही स्वतःला दुष्काळी म्हणवतो. तिथे वाटाड्यानं एका ठिकाणी खडीन दाखवलं. उघड्या खडकावरून वाहणारं पावसाचं पाणी उतारावर मातीच्या लांबलचक बुटक्या बांधानं अडवायचं, ते तिथेच मुरू द्यायचं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ही शेती केली. वर एक थेंब पाणी न देता गहू. मामांना समजावून सांगायची वेळच आली नाही. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर काळ्या रानात पेरलेली मालदांडी ज्वारी नुसत्या थंडीवर कणीस धरते, हे त्यांनी जन्मभर केलेलं. ती मालदांडी ३५-१ ही जात आमच्याच मोहोळच्या केंद्रात निवडली गेलेली. "आमीबी आसंच करायचो," ते वाटाड्याला म्हणाले, "मग उजनीचं पानी आलं आन ऊस आला." वाटाड्या म्हणाला, "हमारे यहाँ नहर आई." इंदिरा गांधी कालव्याबद्दल बोलत होता तो. कालवा पोचला तिथे गवत गेलं, मोहरी आणि गहू आला, आणि गोडावण, म्हणजे त्यांचा माळढोक, तिथून उठला. राजस्थानचा हा राज्यपक्षी आहे. ज्या गतीनं आमच्याकडचे माळ उसाखाली आणि डाळिंबाखाली गेले, तीच गोष्ट तिथे थोड्या उशिरानं घडते आहे. मला हे ऐकून पोटातून भीती वाटली, कारण या गोष्टीचा शेवट आम्ही सोलापुरात बघून आलो होतो.

सुदासरीला वनखात्यानं कुंपण घालून राखलेला भाग आहे. आम्ही कुंपणाबाहेरच्या वाटेवर गाडी उभी केली. खाली उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. दुर्बीण फिरवत फिरवत ऊन कोवळ्याचं टणक झालं. चिंकारा दिसले. गिधाडं दिसली. मामेभाऊ पेंगुळला. वाटाड्या मात्र एका दिशेला बघत होता, तिथे मला गवताखेरीज काही दिसत नव्हतं. मग गवताच्या वर एक पांढरी उभी रेघ हलली.

ती मान होती. त्यावर काळी टोपी. खाली तपकिरी पाठ, आणि पंखाच्या कडेला काळ्या-पांढऱ्याची नक्षी. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या सगळ्यांत जड पक्ष्यांपैकी एक. आणि चाल अशी सावकाश की घाई नावाची गोष्ट त्याच्या कानावर कधी आलीच नसावी. चोच किंचित वर, एक पाऊल, थांबणं, आजूबाजूला बघणं, मग खाली वाकून काहीतरी टिपणं. नाकतोडा असेल, सरडा असेल. मागे आणखी एक होता, थोडा लहान, बहुधा मादी.

मी दुर्बीण मामांच्या हातात दिली. त्यांना ती जमेना, डोळ्यांसमोर नुसतं काळं दिसू लागलं. त्यांनी दुर्बीण परत दिली आणि कपाळावर हात आडवा धरून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. "त्योच," म्हणाले. "चालतंय तर त्योच."

मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, उघड्या जमिनीवर, घरटंबिरटं काही नाही. महिनाभर उबवायचं. तेवढ्या काळात नांगर फिरला, मोकाट कुत्रं आलं, मेंढरांचा कळप वरून गेला, की त्या वर्षीचं सगळं गेलं. आणि मोठेपणी जगलं तर विजेच्या तारा. माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं. गवतात शत्रू हेरायला ते डोळे चांगले. पण जड अंगानं उडत असताना पुढ्यात तार आली तर दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. परतताना आम्ही मान वर करून बघितलं तर क्षितिजावर पवनचक्क्या आणि तारांच्या रांगा. ऊन आणि वारा तिथे भरपूर, वीजही स्वच्छ, देशाला ती हवीच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये माळढोकच्या मुलखातल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. मला यात एकच म्हणायचंय. सूर्य सगळीकडे उगवतो, पॅनल दुसरीकडे लावता येतात, तारेला दुसरी वाट काढता येते. या पक्ष्याला मात्र जायला दुसरी जागा नाही. दुसरीकडच्या जागा आपण आधीच संपवल्यात, त्यांतली एक आमच्या सोलापूरची.

सम आणि रामदेवरा इथे माळढोकची पिल्लं वाढवायची केंद्रं आहेत. रानातली अंडी उचलून, उबवून, पिल्लं वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. वाटाड्या हे सांगताना घरात बाळ झाल्यासारखा हसत होता. मामांनी विचारलं, "मोठी झाल्यावर सोडनार कुटं?" हा प्रश्न त्या सबंध प्रवासात विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न होता. पक्षी वाढवता येईल, गवत वाढवायला कुठे ठेवलंय आपण? आमच्याकडे तर माळ दिसला की त्यावर झाडं लावायची टूम निघते. नान्नजच्या कुरणात एके काळी गिरिपुष्प लावलं गेलं, चांगल्या हेतूनंच. पण माळढोकला दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते, दाट झाडीत तो उतरत नाही. पुढे ते काढायची वेळ आली. कुसळी, पवन्या, मारवेल हे गवतच इथलं जंगल आहे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे त्या गवताच्या जिवावर जगतात, आणि मेंढरं घेऊन फिरणारा धनगरही.

आता खरी अडचण सांगते. मामांचा स्वतःचा एक तुकडा आहे, वाडीच्या वरच्या अंगाला. मुरमाड, चार हिवराची झाडं, बाकी कुसळी. मामेभावाचं ठरलेलं होतं: जेसीबी लावून सपाट करायचं, बोअर पाडायचं, डाळिंब लावायचं. शेजाऱ्यांनी तेच केलंय आणि त्यांची पोरं पुण्यात शिकतायत. मी त्याला नावं ठेवणार नाही. माळ राखा असं शहरात पगार घेऊन सांगणं सोपं असतं, आणि त्या तुकड्यातून आज घरात काही येत नाही हे खरंच आहे.

परतल्यावर एका सकाळी मामा आम्हाला त्या तुकड्यावर घेऊन गेले. इथे वाळू नाही, माग उमटत नाही. मग मामांनी वाटाड्यासारखंच वाकून दुसरं दाखवायला सुरुवात केली. एकाच जागी पडलेला लेंड्यांचा ढीग: काळविटाचा नर रोज तिथेच येतो, ती त्याची हद्दीची खूण. धोंड्याच्या टोकावर वाळलेली विष्ठा, त्यात बोराच्या बिया आणि भुंगेऱ्यांचे पंख: खोकड. ओढ्याच्या ओल्या कडेला कुत्र्याहून मोठा, लांबट पंजा. "लांडगं," मामा म्हणाले, "परवाचं." मामेभाऊ त्याच रानात वाढलेला, पण वाकून त्यानं हे कधी बघितलं नव्हतं. त्यानं मोबाईल काढून पंज्याचा फोटो घेतला, शेजारी मापाला चावी ठेवून.

मग बापलेकांचं बोलणं झालं. मामा म्हणाले, "धा वर्सं थांब की. मी गेल्यावर काय बी कर." भाऊ म्हणाला, "आण्णा, धा वर्सांनी बोअरला पानी तरी राहील का?" दोघांचंही खरं. मी मध्ये पडून एवढंच सांगितलं की इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ रानातली सफारी सुरू केली आहे, पहाटे गाडी जाते, लांडगा आणि खोकड बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात, आणि वाट दाखवायला गावातलीच पोरं असतात. भावानं लगेच हिशोबाचे प्रश्न विचारले. एका गाडीचे किती घेतात, गावाला त्यातलं काय मिळतं, पावसाळ्यात बंद असतं का. मला यातलं सगळं ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, येत्या रविवारी जाऊन स्वतः विचारून येतो, जेसीबीवाल्याला पुढच्या महिन्याचं सांगतो. मामांनी त्याला सांगितलं, पहाटेची गाडी धर, आणि घोंगडं घेऊन जा.